व्हील बेअरिंग घरी प्रेसवर बदलताना: जोर कुठल्या रिंगवरून जातोय?

नेरुळहून ठाण्याला जाताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. मागून गाड्या रेटत होत्या, म्हणून मीही गाडी पाण्यात घातली. अर्धं चाक बुडेल इतकं पाणी होतं. महिन्याभरात पुढच्या डाव्या चाकातून जातं फिरवल्यासारखी घरघर सुरू झाली. ते बेअरिंग मी घरच्या हायड्रॉलिक प्रेसवर बदललं, आणि दीड महिन्यात तेच बेअरिंग पुन्हा बदलायची वेळ आली. आणलेल्या मालात खोट नव्हती. प्रेसचा जोर मी बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या दोन रिंगांपैकी चुकीच्या रिंगवरून नेला होता.

बोल्ट खोलणं-लावणं कुणीही काळजीपूर्वक करू शकतो. खरी परीक्षा प्रेसखालच्या पंधरा मिनिटांत होते, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या पंधरा मिनिटांना दिली आहे.

आवाज बेअरिंगचाच आहे ना?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या काँक्रीटवर टायरचाच आवाज इतका होतो की बेअरिंगची घरघर त्यात हरवून जाते. म्हणून डांबरी, सलग रस्ता गाठा. मी पहाटे पाम बीच रोडला जातो, काचा बंद, एसीचा पंखा बंद, वेग पन्नास-साठच्या आत. घरघर वेगाबरोबर वाढते का ऐका. मग क्लच दाबून इंजिन खाली येऊ द्या. इंजिनचा आवाज उतरला आणि घरघर होती तशीच राहिली, तर दोष चाकांकडे आहे.

त्यानंतर मागेपुढे कुणी नाही हे बघून लेन बदलल्यासारखी गाडी हलकेच उजवीकडे घ्या, मग डावीकडे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, डावीकडे वळताना वाढला तर उजव्यावर. टायर झिजून उंचसखल झाला असेल तर अगदी असाच आवाज येतो, त्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून एकदा ऐकाच. आवाजही मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका.

घरी आल्यावर गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा आणि चाक वरून-खालून धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल झालंय किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) गेलाय, दोन्ही तपासा. खडखड नसली तरी बेअरिंग चांगलं आहे असं समजू नका. एका हातानं शॉकअपची स्प्रिंग धरा आणि दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना हे करून बघितलं की फरक लगेच लक्षात येतो.

तुमच्या गाडीला प्रेस लागते का?

सगळ्याच गाड्यांना लागत नाही. कित्येक नव्या गाड्यांत बेअरिंग आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) एकत्र येतात आणि तीन-चार बोल्टवर नकलला, म्हणजे हब-बेअरिंग धरून ठेवणाऱ्या ओतीव भागाला, बसतात. तिथे प्रेसचं कामच नाही. आपल्याकडच्या अनेक छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत मात्र बेअरिंग नकलच्या भोकात घट्ट ठोकलेलं असतं, ते सुटू नये म्हणून सर्क्लिप (खाचेत बसणारी, एका जागी उघडी पोलादी कडी) असते आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये हब घट्ट बसवलेला असतो. म्हणजे बेअरिंग दोन्हीकडून दाबात असतं, बाहेरची रिंग नकलमध्ये आणि आतली हबवर. पुढचं सगळं या रचनेबद्दल आहे.

खरेदीच्या वेळी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचता आला तर उत्तम. या जातीच्या बेअरिंगचे नंबर बहुतेकदा ‘डीएसी’नं सुरू होतात आणि पुढच्या आकड्यांत मापंच लिहिलेली असतात. डीएसी ३९७२००३७ म्हणजे आतला व्यास ३९ मिलिमीटर, बाहेरचा ७२ आणि रुंदी ३७. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियर कॅलिपरनं मोजून खात्री करता येते. एसकेएफ, एनबीसी, टिमकेन, एनटीएन, एनएसके यांपैकी कुठलंही चालेल, पण अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिल घेऊनच. नकली बेअरिंगचे खोके हुबेहूब असतात. बेअरिंगबरोबर नवी सर्क्लिप आणि नवा एक्सल नट आणा. एक्सल नटची कड ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, खाचेत ठोकून बसवलेली असते. ती एकदा उघडली की तो नट पुन्हा भरवशाचा राहत नाही.

एबीएस असेल तर आणखी एक गोष्ट आहे. अशा बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. ही बाजू सेन्सरकडेच यायला हवी. दोन्ही बाजू नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. कागदाला लावायची साधी स्टीलची क्लिप दोऱ्याला बांधून सीलजवळ न्या, पट्टीच्या बाजूला ती ओढली जाते. ओळखली की त्या बाजूला मार्करनं खूण करा. आणि हे बेअरिंग स्पीकरच्या किंवा चुंबकी ट्रेच्या जवळ कधी ठेवू नका.

जागा आणि हत्यारं

माझं सिडकोचं रो-हाऊस आहे, पुढे शहाबादी फरशीचं छोटं अंगण. तिथे १२ टनांची उभी हायड्रॉलिक प्रेस भिंतीला बोल्टनं बांधून ठेवली आहे. छोट्या गाड्यांना १२ टन पुरतात, गंजलेल्या कामाला २० टन असले तर बरं. प्रेसला दाब दाखवणारं गेज हवंच. प्रेसबरोबर येणाऱ्या बिडाच्या प्लेटा मी वापरत नाही. बीड दाबाखाली तडकून उडतं. लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेटा कापून घेतल्या आहेत आणि वेगवेगळ्या व्यासाच्या जाड पाइपचे सात-आठ तुकडे, दोन्ही तोंडं लेथवर सरळ केलेले. हे तुकडे प्रेसइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण जोर कुठल्या रिंगवर जाणार हे तेच ठरवतात.

बाकी सॉकेटला लावायचा अर्ध्या इंची चौकोनाचा लांब दांडा, एक्सल नटाचा सॉकेट (छोट्या गाड्यांत बऱ्याचदा ३० किंवा ३२ एमएम, तुमचा मोजून घ्या), सर्क्लिपची मजबूत पक्कड, टॉर्क पाना, छन्नी, बेअरिंग स्प्लिटर, हीट गन, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायचे ठोकळे आणि चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल. नुसत्या चष्म्यावर प्रेससमोर उभं राहू नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रेस ठेवता येत नसेल तर नकल स्वतः खोला आणि वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसी भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये प्रेसचं काम करून घ्या. पण काम होईपर्यंत तिथेच उभे राहा आणि खाली जे लिहिलंय ते होतंय का बघा.

खोलणं

चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून आणि कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून, आधी एक्सल नटाची ठोकलेली कड छन्नीनं वर उचला आणि नट फक्त जरासा ढिला करा. पुरता सोडू नका, आणि नट ढिला असताना गाडी ढकलूही नका. बेअरिंगच्या आतल्या रिंगचे दोन भाग या नटाच्या ताणानंच एकमेकांना चिकटून असतात. तो ताण नसताना गाडीचं वजन पडलं तर चांगलं बेअरिंगसुद्धा बिघडतं. आता चाकाचे नटही ढिले करून गाडी उचला, स्टँडवर ठेवा आणि चाक काढा.

ब्रेकचा कॅलिपर ब्रॅकेटसकट काढून तारेनं स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर तो लोंबकळू देऊ नका. डिस्क निघाली की एबीएस सेन्सरचा छोटा बोल्ट काढा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सेन्सर नकलमध्ये गंजून बसलेला असतो. डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास थांबा, मग उलटसुलट फिरवत काढा. पक्कडीनं ओढलात तर त्याचं प्लास्टिक तुटतं.

टाय रॉड एंडचा (स्टीअरिंगचा दांडा नकलला जोडणाऱ्या सांध्याचा) नट ढिला करून नकलच्या कानावर बाजूनं हातोडीचे दोन ठाम ठोके मारले की तो सुटतो. आटे खराब होऊ नयेत म्हणून नट टोकाशी दोन आटे ठेवूनच ठोका. खालचा बॉल जॉइंट सोडा. शॉकअपचे दोन बोल्ट काढायच्या आधी बोल्टचं डोकं, शॉकअपचा पत्रा आणि नकल यांवर रंगाची एक सलग रेघ ओढा. जोडताना चाकाचा कल साधारण पूर्वीच्या जागी येतो. ड्राइव्ह शाफ्ट हबच्या स्प्लाइनमधून (दातेरी खाचांमधून) बाहेर येत नसेल तर नट टोकाला समतल आणून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका. शाफ्ट गिअरबॉक्सकडून ओढला जाऊ नये म्हणून तो तारेनं वर बांधून ठेवा.

प्रेसखाली: जुनं काढताना

नकल प्रेसवर चाकाकडची बाजू खाली करून ठेवा. आधार नकलच्या ओतीव भागाला द्या, बेअरिंगच्या भोकाभोवती, शक्य तितका जवळ. पत्र्याच्या डस्ट शील्डवर वजन येता कामा नये, ते लगेच वाकतं. वरून, इंजिनकडच्या बाजूनं, बेअरिंगच्या आतल्या भोकापेक्षा जेमतेम लहान गोल ठोकळा हबच्या नळीवर ठेवून दाबा. गेज चढत जातं आणि मग ‘ठाक्’ असा मोठा आवाज होऊन हब सुटतो. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहून दांडा मारायचा. दाब चढलेला असताना नकलवर हातोडी मारायची नाही, ते आधी दाब सोडून.

हब निघताना बहुतेकदा आतल्या रिंगचा अर्धा भाग स्वतःबरोबर घेऊन येतो. स्प्लिटर त्याच्या कडेखाली अडकवून प्रेसवर तो काढा. अगदीच चिकटला असेल तर ग्राइंडरनं रिंगला एका ठिकाणी पाऊण जाडीपर्यंत खाच पाडा आणि छन्नीचा एक ठोका द्या, रिंग चिरते. खाच हबपर्यंत जाऊ देऊ नका. जागा ओरखडली गेली तर हबही नवा घ्यावा लागेल.

आता सर्क्लिप. ती काढल्याशिवाय बेअरिंगवर दाब देणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे, नकलमधली खाचच तुटते. चिखल खरवडून दोन्ही बाजू नीट बघा. सर्क्लिप ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं बेअरिंग बाहेर येणार, दुसऱ्या बाजूला नकलला पायरी असते. सर्क्लिपच्या बाजूला मोठ्या व्यासाचा पाइप आधार म्हणून ठेवा आणि उलट बाजूनं दाबा. जुनं बेअरिंग टाकूनच द्यायचं असल्यानं इथे जोर कुठल्याही रिंगवर गेला तरी चालतो. गेज शेवटाकडे आलं आणि काहीच हललं नाही, तर दाब सोडा, सर्क्लिप पुन्हा तपासा, नकल हीट गननं गरम करा आणि परत लावा.

भोक डिझेलनं धुऊन बारीक पॉलिश पेपरनं गंज काढा. बोट फिरवून बघा. बेअरिंग भोकात फिरल्याच्या गोल रेघा किंवा निळसर डाग दिसले तर नकल बदला. सैल भोकात नवं बेअरिंग टिकत नाही. हबच्या नळीलाही हाच नियम.

नवं बसवताना

नवं बेअरिंग आदल्या रात्री घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. पोलाद थंडीनं आकसतं. ७२ मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये ३० अंशांवरून उणे १८ पर्यंत गेल्यावर व्यास सुमारे ०.०४ मिलिमीटरनं कमी होतो. नकल हीट गननं ९० अंशांच्या आसपास गरम केली की तिचं भोक जवळजवळ तितकंच मोठं होतं. दोन्ही मिळून कागदाच्या जाडीएवढाही फरक नाही, पण बेअरिंग घट्ट बसतं ते याच मापाच्या फरकावर. त्यामुळे प्रेसला निम्माही जोर लागत नाही. गॅसची ज्योत वापरू नका, एकाच जागी ताप लागून नकल वेडीवाकडी होते. तापलेली नकल जाड हातमोज्यांनीच धरा.

इथेच मी पहिल्यांदा चुकलो होतो. बेअरिंग नकलमध्ये नीट बसवलं, सर्क्लिप लावली, आणि हब बसवताना नकल प्रेसवर ठेवून वरून हब दाबला. बसला छान. हातानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरत होतं. दीड महिन्यानं घरघर परत आली तेव्हा मी मामांना बोलावलं. मामांची सगळी नोकरी रबाळ्याला फिटर म्हणून गेली.

“हब घालताना खालून आधार कुठे दिला होतास?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“नकलला, मामा.”

त्यांनी खिशातला खडू काढला, अंगणाच्या शहाबादी फरशीवर बेअरिंगचा उभा छेद काढला आणि प्रेसपासून बेडपर्यंत एक रेघ ओढली. हब, आतली रिंग, गोळ्या, बाहेरची रिंग, नकल, बेड. “हे बघ, तुझे सगळे टन या गोळ्यांतून गेलेत. गोळी रिंगला टेकते केवढ्याशा जागेत? मोहरीएवढ्या. तिथे खळगा पडणारच.” मग त्यांनी जुनं बेअरिंग कापून रिंग माझ्या हातात दिली. तिरप्या उन्हात बघितलं तर रस्त्यावर, म्हणजे गोळ्या धावतात त्या चकचकीत पट्ट्यावर, सारख्या अंतरावर पुसट ठिपके होते. नखाला जेमतेम जाणवणारे. त्यांचीच पुढे घरघर झाली होती.

ती रेघ मी प्रेसला हात लावण्याआधी दर वेळी मनात ओढतो. बेअरिंग नकलमध्ये घालताना घट्टपणा बाहेरच्या रिंगला आहे, तर दाबही फक्त बाहेरच्या रिंगवर. हब आतल्या रिंगमध्ये घालताना घट्टपणा आतल्या रिंगला आहे, तर आधारही फक्त आतल्या रिंगला. गोळ्यांतून जोर जाताच कामा नये.

प्रत्यक्षात असं करा. नकलची पायरी असलेली बाजू खाली, प्लेटांवर पक्की. बेअरिंग भोकावर सरळ टेकवा, चुंबकी बाजू सेन्सरकडे आहे ना ते पुन्हा बघा. वर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवा, तिचा बाहेरचा अंग ग्राइंडरनं थोडा घासून घ्या म्हणजे ती भोकात अडकणार नाही. मापाला याहून नेमकं दुसरं काही मिळत नाही. हळूहळू दाबा. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये बेअरिंग तिरकं होतंय असं वाटलं तर लगेच थांबा, काढा आणि पुन्हा सरळ ठेवा. तिरकं गेलेलं बेअरिंग जोरानं सरळ होत नाही, भोक खरवडत जातं. नीट जात असेल तर गेज शांतपणे चढतं आणि पायरीला टेकल्याबरोबर एकदम उसळतं. तिथेच थांबा. सर्क्लिपची खाच पूर्ण मोकळी दिसली पाहिजे. सर्क्लिप लावा, पक्कडीनं थोडी फिरवून ती सगळीकडे खाचेत बसल्याची खात्री करा, आणि सेन्सरचं भोक असेल तर सर्क्लिपचं उघडं तोंड त्या भोकासमोर आणा.

आता हब. प्रेसच्या बेडवर असा पाइप उभा करा की त्याचं तोंड फक्त बेअरिंगच्या इंजिनकडच्या आतल्या रिंगला टेकेल. बाहेरच्या रिंगला किंवा सीलला त्याचा स्पर्श नको, आणि त्याचं भोक इतकं मोठं हवं की हबची नळी आत उतरेल. नकल या पाइपवर तरंगती राहील, ती कशावरही टेकलेली नको. एखाद्याला ती हलकेच धरून ठेवायला सांगा, पण त्याचीही बोटं दाबाच्या जागेपासून दूर आणि तोंडावर ढाल. वरून हब सरळ ठेवून दाबा. पायरी टेकली की गेज उसळेल, तिथे थांबा.

हब हातानं फिरवा. किंचित जड पण एकसारखा फिरायला हवा. कुठे अडलं किंवा वाळू असल्यासारखं वाटलं तर पुढे जोडू नका. डायल गेज असेल तर हबच्या चेहऱ्यावर लावून फिरवा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर हब वाकलेला आहे किंवा तिरका बसलाय. तसाच लावलात तर पुढे ब्रेकमध्ये थरथर येते.

परत जोडताना

खोललं त्याच्या उलट क्रमानं. शॉकअपचे बोल्ट रंगाच्या रेघेवर आणून मग आवळा. टाय रॉडच्या नटाला नवी पिन घाला. ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइनला अगदी पातळ ग्रीस पुरे. एक्सल नट गाडीचं वजन चाकावर येण्याआधीच पूर्ण टॉर्कला आवळा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून. छोट्या-मध्यम गाड्यांत हा टॉर्क साधारण १७५ ते ३०० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. इम्पॅक्ट गननं अंदाजे आवळू नका. याच ताणावर आतल्या रिंगचे दोन भाग जवळ येतात आणि बेअरिंगची आतली मोकळीक ठरते. मग नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोका.

चाक लावा, गाडी खाली घ्या, चाकाचे नट आळीपाळीनं टॉर्कला आवळा. निघण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत तीन-चारदा दाबा. कॅलिपर हलवल्यावर पहिलं पेडल खाली जातं, आणि गल्लीच्या तोंडाशी ते कळणं धोक्याचं आहे. एबीएसचा दिवा चालू राहिला तर आधी सेन्सरचा प्लग आणि मग बेअरिंगची बाजू उलटी गेली का ते बघा.

पहिली चक्कर गल्लीत, सावकाश. थांबून हबला हात जवळ नेऊन बघा. ब्रेकमुळे थोडं ऊबदार असणं ठीक, पण एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा खूप तापला असेल तर गाडी उभी करा. मग पाम बीचला, त्याच वेगानं, काचा बंद करून, तीच उजवीकडची आणि डावीकडची हलकी वळणं. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या, कारण शॉकअपचे बोल्ट सोडले होते. आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा एकदा तपासा.